त्रेपन्न, चाळीस आणि काटेवाले

काटेवाले चिडले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग ते खिशातून वही काढायचे. वही बाहेर आली की समोरच्यानं ओळखावं, आता आपली धडगत नाही. त्या दिवशी मिस्त्रीच्या गॅरेजात वही भर दुपारी बाहेर आली आणि सरळ मिस्त्रीच्या नाकाला जाऊन टेकली.

"वाच! मोठ्यानं वाच! हे काय? त्रेपन्न. आणि त्याच्या खाली? चाळीस! एका लिटरमागं तेरा किलोमीटर गेले कुठं? तू खाल्लेस?"

मिस्त्री अठरा वर्षं काटेवाल्यांची ही मोटारसायकल दुरुस्त करत आला होता. असल्या आरडाओरड्याला तो सरावलेला होता. त्यानं पाना फडक्यानं पुसला, फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "जुनी गाडी आहे, काटेवाले. म्हातारं माणूस एक दिवस चाटूनपुसून जेवतं, दुसऱ्या दिवशी ताटाला हात लावत नाही. तसंच हे."

"गाडी म्हातारी नाही!"

"चोवीस वर्षांची आहे."

"मग? मी एकसष्टचा आहे. मी म्हातारा आहे का?"

मिस्त्रीनं पान्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी रस्त्याकडे, आणि काटेवाल्यांच्या लेकीनं स्वतःच्या चपलांकडे.

काटेवाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त कागदोपत्री उरलं होतं. गावातल्या झाडून साऱ्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा धंदा. औषधांच्या दुकानातला नाजूक काटा असो, नाहीतर भंगाराच्या वखारीतला माणूस उभा राहील एवढा, बिघडला की हाक काटेवाल्यांनाच. बरोबर एक लाकडी पेटी असायची. आत मखमलीचं अस्तर, आणि त्यात पितळी वजनं बाळं झोपवल्यासारखी ओळीनं ठेवलेली. त्या वजनांना ते उघड्या बोटानं कधी शिवायचे नाहीत. बोटाचा घाम लागला तर वजन वाढतं म्हणे! दुकानात पाऊल टाकलं की पेटी उघडायच्याही आधी पाणसळ बाहेर काढायची, काट्याच्या पाटावर ठेवायची आणि काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत कुणाला चकार शब्द काढू द्यायचा नाही. दुकानदार घाई करायला लागला की एकच मंत्र, "आधी बुडबुडा! बाकी सगळं मागनं!"

असा हा माणूस. ग्रॅमाच्या दहाव्या हिश्श्यासाठी दोन दोन तास भांडणारा. आणि त्याच्याच बुडाखालची गाडी कधी त्रेपन्नचं ॲव्हरेज देत होती, कधी चाळीसचं! अहो, झोप उडणारच ना?

वही वीस वर्षांची होती. टाकी तोंडापर्यंत भरायची, साधारण दोनशे तीस किलोमीटर झाले की पुन्हा तोंडापर्यंत भरायची, जेवढं पेट्रोल मावलं त्यानं किलोमीटरला भागायचं. इतकी साधी गोष्ट. वर्षानुवर्षं आकडा सेहेचाळीस यायचा. कधी पंचेचाळीस, कधी सत्तेचाळीस, त्यापलीकडे नाही. गेल्या वर्षभरात मात्र आकड्यांनी ताळतंत्रच सोडलं होतं. आणि हो, गेल्या वर्षभरात उजवा गुडघाही अधूनमधून कुरकुरायचा. पण गुडघ्याची नोंद वहीत नव्हती, त्यामुळे काटेवाल्यांच्या लेखी ते घडलंच नव्हतं.

तर, गॅरेजात सगळे असे इकडेतिकडे बघत असताना मिस्त्रीला जिभेला लगाम घालता आला नाही.

"काय गंमत आहे बघा! अख्ख्या गावाचे काटे सरळ करणाऱ्याला स्वतःच्या गाडीचं ॲव्हरेज काढता येईना. दिव्याखाली अंधार!"

गिऱ्हाइकं हसली. ते एक वेळ चाललं असतं. पण लेकही हसली. दोन वर्षांपासून ती बापाबरोबर धंद्यात होती. नवे इलेक्ट्रॉनिक काटे ती लॅपटॉप लावून चुटकीसरशी नीट करायची, आणि आता दुकानदार "ताईंना पाठवा" असंही म्हणायला लागले होते. ती हसली आणि काटेवाल्यांच्या मानेचा लाल रंग पार डोक्यापर्यंत चढला.

"ऐका सगळ्यांनी! आजपासून एक महिना. महिन्याच्या आत मी कारण शोधून दाखवीन. नाही सापडलं, तर ही पेटी," त्यांनी पेटीवर थाप मारली, "ही पेटी पोरीच्या हातात देईन आणि घरी बसून माशा मारीन! काटेवाले म्हणून पुन्हा कुणाच्या दुकानाची पायरी चढणार नाही!"

"बाबा, अहो, चेष्टा होती ती," लेक म्हणाली.

"माझी चेष्टा नाही!"

बोलून गेले खरे. आता पस्तावून उपयोग नव्हता. तोंडातून गेलेला शब्द मागं घेणाऱ्यातले ते नव्हते.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना हा धंदा शिकवणाऱ्या वस्तादांचे हात शेवटी शेवटी चुकायला लागले होते. डोळ्याला काटा शून्यावर दिसायचा आणि तो शून्यावर नसायचा. वस्तादांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. दुकानदार मान डोलवायचे, चहा पाजायचे, आणि वस्ताद गल्लीच्या टोकाला वळले की हळूच तरुण काटेवाल्यांना बोलवायचे, "जरा पुन्हा बघून जा रे." दोन वर्षं काटेवाले गुरूच्या मागोमाग जाऊन गुरूच्या चुका निस्तरत होते. वस्तादांना हे कधीच कळलं नाही. आता काटेवाल्यांना वाटायचं, आपल्या मागनंही कुणी असंच हिंडत असेल का? साधा भागाकार आपल्याला धोका देत असेल, तर वजनं देत नसतील कशावरून?

म्हणून तो महिना! काय सांगावं त्या महिन्याचं! काटेवाल्यांनी गाडी अशी हिंडवली की दर चार दिवसांनी टाकी भरायची वेळ यायची. पहिल्याच दिवशी चाकांतली हवा तपासली. मागच्या चाकात हवा निम्मीच! "सापडलं!" म्हणून त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गॅलरीतलं मांजर खाली पडलं. हवा भरली, टाकी भरली, चार दिवसांनी आकडा काढला. सेहेचाळीस! काटेवाल्यांनी बायकोला शिलाई मशीनवरून उठवून आकडा दाखवला. पुढच्या खेपेला त्रेपन्न. "बघ! गाडी तरुण झाली!" आणि त्याच्या पुढच्या खेपेला चाळीस.

मग मिस्त्रीकडे धरणं धरलं. मिस्त्री माणूस तोंडाचा फाटका असला तरी कामात चोख होता. त्यानं हवेची जाळी काढून दाखवली, धुळीनं गच्च भरलेली. "गाडीचा श्वास कोंडला की ती पेट्रोल जास्त पिते," तो म्हणाला. जाळी बदलली. कार्बोरेटर खोलून धुतला. चोक पुरता बंदच होत नव्हता, तो नीट केला. मागचं चाक हातानं फिरवलं तर अर्ध्या वेढ्यात थांबलं. ब्रेक चाकाला चिकटून बसलेला. "म्हणजे आजवर तुम्ही ब्रेक दाबूनच गाडी हाकत होता, काटेवाले!" तोही सैल केला, चेन ताणली, तिला तेल दिलं.

या एकेका गोष्टीनं ॲव्हरेज खरंच घटतं, आणि जुन्या गाडीत त्या सगळ्या गुण्यागोविंदानं एकत्र नांदतात. दुरुस्तीनंतर गाडी लोण्यासारखी पळायला लागली. आकडा मात्र तसाच नाचत राहिला, कधी वर तर कधी खाली.

"किलोमीटरचा काटाच खोटा असेल," काटेवाले म्हणाले आणि हमरस्त्याला लागले. वीस दगड मोजले. वीस दगडांना बरोबर वीस किलोमीटर. मग त्यांचा संशय पंपावर गेला. पंपावर एक ताई कामाला होती, गेली चार वर्षं तीच यांची टाकी भरायची. हे महाशय एका सकाळी घरनं पाच लिटरचं तांब्याचं माप घेऊन तिच्यापुढं उभे राहिले.

"यात पाच लिटर टाक. मला तुझं यंत्र तपासायचंय."

"काका, माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास देवावर ठेवायचा. यंत्र तपासायचं."

तिनं ओतलं. काटेवाल्यांनी माप सपाट फरशीवर ठेवलं, बुडबुडा बघितला, डोळा मापाच्या गळ्यापाशी नेला. केसाचाही फरक नव्हता. ताईनं नुसती भुवई उडवली. काटेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायकोला मागं बसवून बघितलं, उतरवून बघितलं. लोखंडी वजनं घरी ठेवून बघितली. उताराला इंजिन बंद करू नका म्हणून बायको ओरडली, तेही ऐकलं. काही म्हणता काही लागू पडेना. पंचविसाव्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, सोडा ना तो हट्ट. कुणी धरून नाही बसलंय."

"मी धरून बसलोय."

"मला पेटी अशी नकोय."

"मग कशी हवीये?" ते खेकसले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसताच उठून उगाच गाडी पुसायला गेले.

एकोणतिसावा दिवस उजाडला. सकाळीच खिळेवाल्या बाईंची हाक आली. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, खिळे किलोवर विकायच्या. काटा जुना, दोन पारड्यांचा. बापलेक दोघंही गेले, काटेवाले मोटारसायकलवर, लेक तिच्या स्कूटरवर.

"काटेवाले, हा काटा भुतानं झपाटलाय," बाई म्हणाल्या. "सकाळी किलोभर मोजलेली पुडी दुपारी कमी भरते, संध्याकाळी जास्त. गिऱ्हाईक मला चोर म्हणायला लागलंय. काढून टाकते आता."

"हात लावू नका! आधी बुडबुडा!" काटेवाल्यांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पेटी उघडली, किलोचं वजन एका पारड्यात, पाचशेची दोन दुसऱ्यात. काटा नाकासमोर सरळ. "ठीक तर आहे."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि खिळ्यांचे भाव विचारत टेबलावर चांगलं रेलून उभं राहिलं. काटा हलला. बुडबुडा सुर्रकन एका कडेला पळाला. लेकीनं वाकून टेबलाखाली बघितलं.

"बाबा, पायाखालची लाकडी पाचर सुटलीये. कुणी रेललं की टेबल कलतं, कुणी ढकललं की सरळ होतं."

"बघा!" काटेवाल्यांना चेव आला. हा त्यांचा आवडता विषय. "बाई, भूत नाही न् बीत नाही! काट्यात काडीचीही खोट नाही. वजन तेच, काटा तोच. पण कधी तो सरळ उभा असतो, कधी तिरका. आता तिरक्या उभ्या केलेल्या वस्तूत तुम्ही माप घ्याल तर ते बरोबर कसं..."

आणि ते थांबले. तोंड उघडंच.

बाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीनं बापाकडे. "बाबा? पाणी देऊ?"

"पाणी नको," काटेवाले कुजबुजले. मग एकदम ओरडले, "पेट्रोल! पेट्रोल!" आणि पारड्यातली वजनं, उघडी पेटी, पाणसळ सगळं तिथंच टाकून दाराकडे सुटले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी वजनं उघडी टाकली. बटण दाबलं आणि गाडी भुर्रकन गेली. "काय झालं गं यांना?" म्हणून बाई बाहेर धावल्या, तोवर ते कोपऱ्यावर वळलेसुद्धा होते.

लेकीनं घाईघाईनं वजनं कापडात धरून पेटीत घातली, पेटी स्कूटरवर पायांपाशी ठेवली आणि मागोमाग निघाली. ती पंपावर पोचली तेव्हा मोटारसायकल साइड स्टँडवर डावीकडे कललेली होती आणि ताई टाकीत पेट्रोल सोडत होती.

"आणखी! आणखी! तोंडापर्यंत! बास! थांब!" काटेवाल्यांनी टाकीत डोकावलं. "झाली ना फुल? बघ पोरी, तूही बघ. फुल?"

"फुल," दोघी म्हणाल्या.

"आता बघा!"

त्यांनी हँडल धरलं, उजवा पाय डबल स्टँडच्या दांडीवर ठेवला आणि सगळा भार देऊन दाबला. गाडी खाडकन मागं उचलली गेली आणि ताठ उभी राहिली. काटेवाल्यांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले, ओठ पांढरे पडले. पण त्यांनी तसंच लंगडत टाकीत डोकावलं. काठोकाठ भरलेलं पेट्रोल चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं!

"भर!" ते किंचाळले.

ताईनं पुन्हा नळी लावली. यंत्रावरचा आकडा सरकत गेला. एक दशांश, तीन दशांश, पाच... सात दशांश लिटरला पेट्रोल तोंडाशी आलं.

"सात दशांश! अगं सात दशांश!" काटेवाल्यांनी वही सीटवर आपटली आणि पेन्सिलीनं असं लिहीत सुटले की कागद फाटला. "गाडी कलती असली की एका बाजूला पोकळी राहते, पेट्रोल आधीच तोंडाशी येतं. आपल्याला वाटतं फुल! सरळ भरलेल्या टाकीनंतर कलती भरली की पाचाऐवजी चार पूर्णांक तीनच मावतं. दोनशे तीस भागिले ते, किती आलं?"

"त्रेपन्न," लेक मोबाइलवर भागाकार करून म्हणाली, आणि तिचाही आवाज चढला. "बाबा, त्रेपन्न!"

"आणि पुढच्या वेळी सरळ भरली की मागची तूट भरून काढायची! पाच पूर्णांक सात!"

"चाळीस!"

"दोन्ही मिळून किती? चारशे साठ किलोमीटर, दहा लिटर. सेहेचाळीस! सेहेचाळीसच! गाडी एकदाही खोटं बोलली नाही गं! मीच तिचं माप तिरकं घेत होतो!" आणि एकसष्ट वर्षांच्या त्या गृहस्थानं पंपावर, रांगेतल्या सगळ्या गाड्यांसमोर, मोटारसायकलच्या टाकीचा मुका घेतला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

पंपावरची ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. "इतकंच ना? अहो काका, मला विचारायचं होतं. तुम्ही कधी डबल स्टँडला लावता, कधी साइडला. मी वर्षभर बघतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही माझं माप तपासत होता!"

सगळे खो खो हसले. काटेवालेही हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. हसणं ओसरलं तेव्हा लेक त्यांच्याकडे बघत होती.

"पण बाबा, वीस वर्षं डबल स्टँड. मग आता कधी असं, कधी तसं का?"

काटेवाल्यांचे कान लाल झाले. "घाईत असतो माणूस," ते म्हणाले, गाडीवर बसले आणि बटण दाबून निघून गेले.

घरी बायको शिलाई मशीनवर होती. बाहेरच्या खोलीत तिचं दुकान, गळ्यात टेप, आजूबाजूला कापडांचे ढीग. काटेवाल्यांनी सगळी हकिगत सांगितली, मग पुन्हा सांगितली, तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या कलता धरून करून दाखवली. तांब्यातलं पाणी एका शर्टाच्या बाहीवर सांडलं. बायको म्हणाली, "जिंकलात हो बाई जिंकलात! आता ते आधी पुसा." पण तिचा चेहरा फुलला होता. महिनाभर तीही धड झोपली नव्हती.

लेक आत आली. हातात पेटी.

आपली पेटी तिच्या हातात बघून काटेवाल्यांच्या काळजात चर्र झालं. लेकीनं पेटी त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

"दुकानात टाकून पळालात. मोजून घ्या, सगळी वजनं आहेत. उघड्या बोटानं एकालाही शिवले नाही." मग ती आईकडे वळली. "आई, हे सांगत नाहीयेत. साइड स्टँड का ते."

"घाई!" काटेवाले म्हणाले.

बायको उठली. भिंतीवरच्या फळीवरून तिनं तिची वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची, कडा फाटलेली. अंगठा ओला करून पानं उलटली आणि वही नवऱ्यापुढं ठेवली. त्यात पहिल्यापासूनची त्यांच्या विजारींची मापं होती. कंबर, उंची, मांडी, गुडघा. गुडघा वर्षानुवर्षं पंधरा इंच, दोन्ही पायांचा. मग चौदा महिन्यांपूर्वीच्या तारखेला गुडघ्याच्या रकान्यात पहिल्यांदाच दोन आकडे होते. डावा पंधरा. उजवा पावणेसोळा.

"सुजतो, उतरतो, पुन्हा सुजतो. सुजला की साइड स्टँड, उतरला की डबल," ती म्हणाली. "त्याच महिन्यात तुम्ही मिस्त्रीकडून ते बंद पडलेलं स्टार्टरचं बटण चालू करून घेतलंत. हौस म्हणून, असं सांगितलंत मला. किक मारवेना म्हणून, हे मला कळत नाही का? तेव्हापासून तुमच्या सगळ्या विजारींचा उजवा पाय मी सैल शिवतेय."

काटेवाल्यांनी अंगावरच्या विजारीकडे बघितलं. मग डाव्या पायाकडे, मग उजव्या. चौदा महिने ते ही कापडं घालून गावभर हिंडले होते. काट्याच्या पारड्यात धुळीचा कण पडला तरी ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या ढोपरावरचा पाऊण इंच त्याला दिसला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?" आज दुसऱ्यांदा त्यांनी हाच प्रश्न विचारला, पण या वेळी न ओरडता.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं. मग मला कळलंय, हे मी तरी तुम्हाला कशाला सांगू?"

काटेवाले मटकन खुर्चीत बसले. बसताना गुडघा कुरकुरला आणि या वेळी त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं, सगळ्यांसमोर. मग त्यांनी वस्तादांची गोष्ट सांगितली. अडखळत, वहीच्या कडा कुरतडत. गल्लीच्या टोकाला वळणारे वस्ताद, आणि मागनं येणारे ते स्वतः. "मला वाटलं, गुडघा गेला म्हटलं की लोक म्हणतील, आता हातही गेले. मग तू माझ्या मागनं जाशील. चुका निस्तरायला. आणि मला कळणारही नाही."

लेक एकदम भडकली. कान आधी, मग मान, अगदी बापासारखीच.

"मी तुमच्या मागनं जाते ते शिकायला! आज त्या बाईंच्या टेबलाखाली पाचर मला दिसली, पण त्या पाचरीवरून टाकी कुणाला आठवली? मला? माझ्या लॅपटॉपला? चुकलात तर तोंडावर सांगेन. आत्ता सांगते, डॉक्टरकडे गेला नाहीत ही तुमची चूक आहे, आणि शुद्ध मूर्खपणा आहे!"

"बापाला मूर्ख म्हणतेस?"

"तोंडावर म्हणतेय. मागनं नाही."

काटेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. मग नाक शिंकरलं आणि पेटी स्वतःकडे ओढून घेतली. "पेटी माझ्याकडेच राहील."

"राहू द्या की. हँडल मला द्या."

त्यावर मात्र अर्धा तास भांडण झालं.

सोमवारपासून गाव एक नवाच देखावा बघायला लागलं. मोटारसायकल लेक चालवतेय आणि मागं काटेवाले, मांडीवर पेटी, तोंडानं अखंड सूचना. "क्लच सोड! ब्रेक आधी नाही, गॅस आधी कमी! अगं खड्डा, खड्डा!" मिस्त्रीनं गॅरेजाबाहेर येऊन सलाम ठोकला. काटेवाल्यांनी तो रुबाबात स्वीकारला आणि वळून वळून सांगितलं, "सात दशांश, मिस्त्री! सात दशांश!"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिला, आणि जड काहीही पायानं दाबायचं नाही अशी ताकीद दिली. सूज कळावी म्हणून दर रविवारी गुडघा मोजून लिहून ठेवायला सांगितलं. काटेवाल्यांना डॉक्टर त्या क्षणी आवडले.

शनिवारी टाकी भरायची वेळ आली. लेकीनं गाडी एका दमात डबल स्टँडवर चढवली. काटेवाल्यांनी पाणसळ काढून सीटवर ठेवली, बुडबुडा बघितला आणि ताईला मान हलवून खूण केली. ताईनं हसू दाबत टाकी भरली. भागाकार झाला. काटेवाल्यांनी तो दोनदा केला.

एकोणपन्नास.

"कसं शक्य आहे?" ते म्हणाले. "दोन माणसं, वर पेटी. मी एकटा असताना सेहेचाळीस!"

"मी अर्धा क्लच दाबून नाही चालवत," लेक म्हणाली.

"वारा पाठीमागून असणार," काटेवाले म्हणाले. पण वहीत एकोणपन्नास लिहिताना त्यांनी आकड्यावर पेन्सिल दोनदा फिरवली.

रविवारी सकाळी ते विजार वर सारून खुर्चीत बसले. बायकोनं गळ्यातली टेप काढली आणि गुडघ्याभोवती गुंडाळली. वही लेकीच्या हातात, नवा रकाना आखलेला.

"तिरकी धरलीस टेप!" काटेवाले ओरडले. "मागनं खाली आलीये! सरळ धर आधी!"

"टेप सरळच आहे," बायको म्हणाली. "तुम्ही तिरके बसलाय. दुखतोय ना?"

काटेवाल्यांनी तोंड उघडलं. घाई, हौस, वारा, सगळं जिभेवर तयार होतं.

"दुखतोय," ते म्हणाले. "फार दुखतोय गं."

"लिही," बायको लेकीला म्हणाली. "पावणेसोळा. आणि पुढं लिही, दुखतोय म्हणाले."